खर्डा आणि शुद्ध प्रत
(नभोवाणीवरील भाषण)

मुलुंड येथील न. चिं. केळकर ग्रंथालयात सायंकाळी तासभर वर्तमानपत्रे चाळीत बसावे, हा सेवानिवृत्तीपासूनचा माझा परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी घाटकोपरचे एक गृहस्थ माझा शोध घेत तेथे आले. त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यात त्यांची नोकरी गेली ती कायमचीच. पुढे त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी धरून मुले शिकविली आणि काही वर्षांपूर्वी ते वारले. आता राहती इमारत पाडून तेथे मनोरा व्हावयाचा आहे. नातवंडांना गिरणीचा भोंगा म्हणजे काय हे ठाऊक नाही. तेव्हा वडिलांची हकीकत चाळीस-पन्नास पानांत लिहून ठेवावी, असा या गृहस्थांचा संकल्प होता. “मास्तर,” ते म्हणाले, “दोन वर्षे झाली. पहिल्या पानापुढे सरकलो नाही. आपण इतकी वर्षे मुलांकडून निबंध लिहवून घेतलेत, मला काही उपाय सांगा.”

आणि त्यांनी पिशवीतून अकरा कागद काढले. ते अकराही पहिलेच पान होते.

मी विचारले, एवढी घाई कशाची आहे? त्यावर ते थोडे थांबून म्हणाले, “आईला काल काय जेवली ते आठवत नाही. पूर्वीचे सगळे आठवते. पण ते तरी किती दिवस?” श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय लेखणी का अडते आणि आपले लिहिणे आपणच कसे तपासावे, हा आहे. हा विषय केवळ ग्रंथकारांच्या कामाचा आहे असे कोणी समजू नये, म्हणून आरंभीच ही हकीकत सांगितली. तिच्यातील सारे काही त्या गृहस्थांच्या अनुमतीनेच सांगत आहे.

लेखणी अडली की आपण म्हणतो, ‘काही सुचत नाही.’ परंतु हे निदान बहुधा खोटे असते. हेच गृहस्थ त्या दिवशी ग्रंथालयाच्या पायरीवर उभे राहून अर्धा तास वडिलांविषयी बोलत होते, आणि एकदाही अडखळले नाहीत. सुचण्याचा प्रश्नच नव्हता. मग कागद पुढे येताच वाचा का बसावी? माझ्या वर्गात निबंधाच्या तासाला हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. काही मुले भराभर लिहून मोकळी होत. काही मात्र पहिली ओळ लिहीत, खोडरबराने पुसत, पुन्हा लिहीत, पुन्हा पुसत, आणि तास संपता संपता कागदाला भोक पडलेले असे. ही दुसरी मुले मठ्ठ नसत. बहुधा तीच वर्गातील चांगली वाचणारी मुले असत. चांगले लिहिणे कसे असते हे त्यांना ठाऊक होते, आणि आपली पहिली ओळ तशी नाही हेही त्यांना लगेच दिसत असे. थोडक्यात, विद्यार्थी आणि परीक्षक एकाच बाकावर येऊन बसले होते. विद्यार्थ्याने चार शब्द लिहिले न लिहिले तोच परीक्षक लाल पेन्सिल पुढे करी. परीक्षक वाईट मनुष्य नव्हे; त्याच्यावाचून चालत नाही. पण तो परीक्षेच्या दिवशीच उत्तरपत्रिका ओढू लागला, तर पेपर लिहून व्हावयाचा कसा?

यावर आपल्या पूर्वीच्या पिढ्यांनी एक साधी व्यवस्था करून ठेवलेली होती. आधी खर्डा, मग शुद्ध प्रत. हे दोन शब्द आता कचेऱ्यांतूनही मावळत चालले आहेत, याचे मला वाईट वाटते. खर्डा म्हणजे वाईट लिहिण्याची परवानगी होय.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या भाषेत कोणते म्हणाल, तर ते ‘गीतारहस्या’चे. लोकमान्य टिळकांस १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांस ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. गीतेवरचे विचार त्यांच्या मनात कित्येक वर्षे घोळत होते, परंतु लिहावयास सवड म्हणून ती नव्हती. शिवाय पुण्यास असताना ‘केसरी’चे अग्रलेख ते बहुधा लेखनिकास तोंडी सांगत. मंडालेस लेखनिक कोठून असणार? स्वतःच्या हाताने लिहिणे भाग पडले, आणि तेही कसे पाहा. सुटे कागद द्यावयाचे नाहीत, बांधलेल्या वह्याच द्यावयाच्या, व त्यांच्या पानांवर आधीच अंक घातलेले. शाई नाही, फक्त पेन्सिल. अशा वह्यांतून १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिक ते फाल्गुन या सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी त्या प्रचंड ग्रंथाचा पहिला खर्डा पुरा केला. त्या वेळी त्यांचे वय चौपन्न होते व मधुमेहाने ते त्रासलेले होते.

पाच महिन्यांत पंधरा प्रकरणांचा ग्रंथ! त्यांच्या बुद्धीपुढे आपण कोण, हे खरेच. तथापि मला नेहमी असे वाटत आले आहे की तुरुंगाच्या त्या जाचक नियमांनी त्यांच्यावर नकळत एक उपकारही केला असावा. अंक घातलेल्या बांधीव वहीतून पान फाडता येत नाही. फाडले तर अंक तुटतो. आवडले नाही म्हणून पहिले पान चुरगाळून नवे घेण्याची सोयच तेथे नव्हती. पुढच्या पानावर जाणे एवढेच हाती होते.

त्याहून अधिक लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढचीच आहे. खर्डा पाच महिन्यांत झाला, पण ग्रंथ छापून निघाला १९१५ च्या जूनमध्ये. मधल्या काळात जसजसे सुचत गेले तसतशी त्यात सुधारणा होत गेली, आणि तुरुंगात जे ग्रंथ पाहावयास मिळाले नव्हते, ते सुटकेनंतर पाहून राहिलेला भाग पुरा करण्यात आला. लोकमान्य १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले, तेव्हा सरकारने वह्या लगेच परत दिल्या नाहीत. त्या बुडाल्या की काय या चिंतेने स्नेहीमंडळी व्याकूळ झाली. त्यांवर, ग्रंथ डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढू, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. पुढे वह्या परत मिळाल्या, म्हणून तो प्रसंग आला नाही. पण एकदा खर्डा शेवटापर्यंत गेला की मनुष्यास आपले म्हणणे काय आहे हे कळून चुकलेले असते. मग कागद हरवले तरी मजकूर हरवत नाही. पहिल्या पानाच्या अकरा प्रती ज्याच्यापाशी आहेत, त्याला हे बळ येत नाही.

मी त्या गृहस्थांना सांगितले, की दोनशे पानांची एक बांधीव वही घ्या, पानांवर अंक घाला आणि पेन्सिलीने लिहा. संगणकावर लिहीत असाल, तर तूर्त ते बंद करा. तेथे खोडण्याची कळ फार हाताशी असते. आणि पहिले पान कोरे सोडून तिसऱ्या पानापासून आरंभ करा.

हे शेवटचे का, ते सांगतो. अकरा कागदांपैकी बहुतेकांवर पहिले वाक्य थोड्याफार फरकाने असे होते: ‘वंदनीय व प्रातःस्मरणीय अशा माझ्या तीर्थरूप वडिलांनी आपल्या संपूर्ण आयुष्यामध्ये अनंत हालअपेष्टा सोसून व अपार कष्ट उपसून आम्हां भावंडांचे संगोपन केले.’ या वाक्यात खोटे काही नाही. पण ते घाटकोपरच्या कोणाही वडिलांविषयी लिहिता येईल. पायरीवर उभे असताना मात्र हेच गृहस्थ मला म्हणाले होते, “बाबा लोकलमध्ये करी रोडपर्यंत दाराशी उभेच राहात. बसायला जागा असली तरी बसत नसत. बसले की झोप लागे आणि स्टेशन मागे पडे.” मी म्हटले, हे लिहा. ते म्हणाले, “एवढ्या साध्या गोष्टीने का आरंभ करायचा?”

येथे मला दुसऱ्या टिळकांची, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची, आठवण झाली. ज्यांना कोणी शाळेत घातले नाही, लग्नानंतर ज्या लिहावाचावयास शिकल्या, त्या बाईंनी आपल्या भाषेतील एक अव्वल दर्जाचे आत्मचरित्र लिहिले. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तल्यावर त्यांच्या चरित्रासाठी मुलाला आठवणी हव्या होत्या, त्या निमित्ताने हे लिहिणे सुरू झाले. आणि ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. जीवन म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय, असला प्रपंच त्यांनी मांडलेला नाही. आरंभीच्या पानांतच वडिलांचे विलक्षण सोवळे आणि त्यापायी घरातल्यांचे झालेले हाल येतात. स्वयंपाकघरात बसून बाई बोलत आहेत आणि आपण ऐकत आहो, असे वाचताना वाटते. त्यांना निबंध कसा लिहावा हे कोणी शिकविले नव्हते, ही कदाचित त्यांच्या लेखणीची भाग्याची गोष्ट असेल. मी स्वतः निबंध शिकविण्यात जन्म घालविला, तेव्हा हे कबूल करताना थोडा संकोच होतो.

ज्यांना बोलता येते पण लिहिता येत नाही, त्यांनी आधी बोलावे व दुसऱ्याने टिपून घ्यावे, हाही एक जुना व भला मार्ग आहे. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी तेथल्या तेथे उतरून घेतली, म्हणून आज ‘गीता-प्रवचने’ आपल्या हाती आहेत. आता तर खिशातला मोबाइल हेच काम करतो. त्या गृहस्थांच्या मातोश्रींचे बोलणे त्यांनी याच रीतीने टिपून घ्यावयास सुरुवात केली. मात्र यंत्राने टिपलेले तसेच ठेवू नये. त्याच आठवड्यात हाताने वहीत उतरावे, नाहीतर टिपणे साठत जातात आणि लिहिणे तेथेच राहते.

कोणी म्हणेल, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत, १९३३ च्या ९ फेब्रुवारीपासून १३ फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत लिहिली. तेव्हा स्फूर्ती आली की लिहावे, हेच खरे. मला हे पटत नाही. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे होऊन गेली होती. इतकी वर्षे जे मनात मुरले, ते पाच दिवसांत कागदावर उतरले. स्फूर्तीची वाट पाहात बसणाऱ्याने हा मधला काळ हिशेबात धरावा. आणि मुदत पाठीशी असली की स्फूर्तीही वेळेवर येऊ लागते, असा अनुभव आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि आठवड्याच्या आठवड्याला कादंबरीचा मजकूर पुरविला. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही असामान्य कादंबरी त्यातूनच वाचकांपुढे आली. त्याच धबडग्यात त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हेही विसरता येत नाही. आमच्या गृहस्थांनी मुदत घातली ती अशी की दर रविवारी चार पाने, बरी असोत की वाईट.

तीन महिन्यांनी खर्डा पुरा झाल्याचा त्यांचा निरोप आला. “आता सुधारून द्या,” असे त्यात होते. मी कळविले, मी सुधारणार नाही. आपणच सुधारावयाचे आहे, पण आज नव्हे. वही कपाटात ठेवून कुलूप लावा आणि पंधरा दिवस तिकडे फिरकू नका. नुकतेच लिहिलेले वाचताना डोळा कागदावरचे वाचीत नाही, मनातले वाचतो. म्हणून गळलेला शब्दही दिसत नाही. लिहिणारा मी आणि वाचणारा मी यांच्यात थोडी अनोळख व्हावी लागते, आणि तिला दिवसच हवेत. त्यानंतर मोठ्याने वाचावे. मोठ्याने वाचणे ही फार कडक परीक्षा आहे. जेथे दम लागतो तेथे वाक्य लांबलेले असते, जेथे स्वतःचाच आवाज खोटा वाटतो तेथे शब्द उसने आणलेले असतात, आणि जेथे ऐकणारा खिडकीबाहेर पाहू लागतो तेथे काय झाले असते ते सांगावयास नको. आज मी हे आपल्यापुढे वाचीत आहे ते टिपणही मी घरी तीनदा मोठ्याने वाचले, आणि मूळच्या दोन पानांना त्यातच रजा मिळाली.

मराठी लिहिणाराचे काही खास दोष आहेत, ते आपलेच आपल्याला सापडू शकतात. एक म्हणजे जोडशब्दांची हौस. ‘हालअपेष्टा व कष्ट’, ‘आनंद व समाधान’, ‘अडचणी व संकटे’ अशा जोड्या लेखणी सवयीने लिहीत जाते. दोहोंतला एक काढून पाहावा, बहुधा काही उणे पडत नाही. दुसरा दोष म्हणजे ‘अतिशय’, ‘अत्यंत’, ‘खरोखर’ यांची खैरात. ‘करून, जाऊन, पाहून, येऊन’ अशी मालगाडी लावून शेवटच्या डब्यात क्रियापद बसविणे हा तिसरा. ऐकणारा तोवर कर्ता कोण होता हे विसरून जातो. परंतु या सर्वांहून वाईट खोड मला वाटते ती ‘करण्यात आले’, ‘ठेवण्यात आले’ ही होय. कचेरीच्या भाषेतून ती आपल्या घरात शिरली. मघाशी मंडालेविषयी बोलताना मीही दोनदा तेच केले, ते आपल्यापैकी कोणाच्या ध्यानात आले असल्यास नवल नाही. तिने वाक्य बिघडते एवढेच नव्हे; तिच्याआड मनुष्य दडतो.

याचे उदाहरण त्या वहीतलेच सांगतो. खर्ड्यात एक वाक्य होते: ‘संपाच्या काळामध्ये घरातील परिस्थिती अतिशय बिकट झालेली होती आणि त्यामुळे आईच्या हातातील ज्या पाटल्या होत्या त्या गहाण ठेवण्यात आल्या व नंतर त्या सोडविण्यात येऊ शकल्या नाहीत.’ त्यांनी ते मोठ्याने वाचले, स्वतःच थांबले, आणि काटछाट करून खाली लिहिले: ‘संपाच्या चौथ्या महिन्यात पाटल्या गहाण पडल्या. त्या सुटल्या नाहीत.’ वाक्य आटोपशीर झाले. पण मी विचारले, गहाण ठेवावयास गेले कोण? बाबा की आई?

ते गप्प झाले. त्यांना ठाऊक नव्हते. ते त्या वेळी बारा वर्षांचे होते आणि पुढे चाळीस वर्षांत त्यांनी कधी विचारले नव्हते. ‘ठेवण्यात आल्या’ या शब्दांनी ते अज्ञान इतके बेमालूम झाकले होते की लिहिताना त्यांचे त्यांनाही कळले नाही. आपले लिखाण तपासणे म्हणजे ऱ्हस्वदीर्घ पाहणे, असे पुष्कळांना वाटते. तेही पाहावेच; पण ते शेवटी, शुद्ध प्रत काढताना. समर्थांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे, अक्षर कसे असावे, समास किती सोडावा, हे त्यात बारकाईने सांगितले आहे. त्या काळजीला जागा आहे, मात्र ती खर्ड्याच्या नंतरची आहे. त्याआधी प्रत्येक वाक्याला विचारावयाचे ते हे, की हे कोणी केले, केव्हा केले, आणि तुला ते कसे कळले? उत्तर नसेल तर उठून कोणाला तरी विचारावे. विचारण्याजोगे माणूस घरात आहे तोवरच हे सोपे आहे.

त्या रविवारी गृहस्थांनी ते पान मातोश्रींना वाचून दाखविले आणि पाटल्यांचे विचारले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्या स्वतःच गेल्या होत्या, एकट्या, दुपारी, हे कामाच्या शोधात बाहेर पडल्यावर. घरात सांगितले की पाटल्या भावाकडे ठेवल्या आहेत, चाळीत चोऱ्या फार होतात म्हणून.

“आणि बाबांना कधीच कळले नाही?” मुलाने विचारले.

“कळले होते,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी. त्यांनी कधी विचारले नाही.”

वहीच्या एकशे अकराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली ही दोन वाक्ये मी पाहिली आहेत. शुद्ध प्रतीत ती कोठे घालावीत, हे त्यांचे अद्याप ठरलेले नाही.